‘वयाचं आहे’ म्हणून आम्हाला परत पाठवू नका

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, अहिल्यानगर
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, अहिल्यानगर
आणि जिल्ह्यातील सर्व स्त्रीरोगतज्ज्ञ

विषय : पाळी जाण्याआधीच्या वर्षांत बायकांना वेळेवर निदान, हार्मोन उपचारांची खरी माहिती आणि तालुक्याच्या ठिकाणी औषध मिळण्याबाबत.

महोदय, महोदया,


मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. वय सत्तेचाळीस. नोकरीला तेवीस वर्षं झाली आणि त्यातली बरीचशी पाथर्डी तालुक्यात गेली. हे पत्र पाळी जाण्याआधीच्या चार-सहा वर्षांबद्दल आहे. या विषयावर बायका एकमेकींशीसुद्धा आवाज खाली करून बोलतात. मी ते जाहीरपणे लिहिते आहे, कारण औषधं, फॉर्म आणि आदेश ज्यांच्या हाती आहेत त्यांच्या कानावर ही कुजबुज अजून गेलेली नाही.

त्रेचाळिसाव्या वर्षी मला पहाटे तीनला जाग यायला लागली. छातीत धडधड व्हायची, मानेपासून वाफ वर चढायची, मग दरदरून घाम फुटायचा आणि पाठोपाठ अंगावर काटा येईल अशी थंडी. पाळी चालूच होती, पण कधी बावीस दिवसांनी यायची, कधी चाळीस दिवसांनी, आणि आली की दोन दिवस घराबाहेर पडायची भीती वाटावी इतकं अंगावरून जायचं. एकदा चौथीच्या वर्गात फळ्यावर गणित लिहिताना हातातला खडू घामाने ओला होऊन मोडला. त्याच आठवड्यात हजेरी घेताना रोज पहिल्या रांगेत बसणाऱ्या मुलीचं नाव मला आठवेना. मी नुसती तिच्याकडे बघत राहिले. शेवटी तीच म्हणाली, “बाई, मी हजर आहे.” माझ्या आजीला उतारवयात विसरण्याचा आजार होता. तो मला चाळिशीतच लागला, अशी माझी खात्री झाली, आणि ही भीती मी घरात कुणालाही सांगितली नाही.

मग दवाखाने सुरू झाले. एका डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, तो चांगला आला. दुसऱ्यांनी थायरॉइड तपासलं, तेही ठीक निघालं. तिसऱ्यांनी झोपेची गोळी दिली आणि टेन्शन घेऊ नका म्हणून सांगितलं. चौथ्या ठिकाणी सोनोग्राफीत एक लहानशी गाठ दिसली आणि दहा मिनिटांत निर्णय झाला : “दोन मुलं झालीत ना? मग पिशवी काढून टाका, कायमची कटकट मिटेल.” या चौघांपैकी कुणाबद्दलही माझ्या मनात राग नाही. प्रत्येकाने आपापल्या विषयातलं बरोबर तपासलं. पण पहिल्या तिघांनी पाळीबद्दल विचारलं नाही आणि चौथ्याने झोपेबद्दल विचारलं नाही. दोन्ही प्रश्न एकाच खुर्चीतून आले असते, तर माझं दीड वर्ष वाचलं असतं.

ते दोन्ही प्रश्न एकाच खुर्चीतून आले तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते. एका डॉक्टरबाईंनी आधी सगळं ऐकून घेतलं आणि मग प्रिस्क्रिप्शनच्या मागे पेनाने एक रेघ काढली. मला वाटायचं की बाईचे हार्मोन जिना उतरावा तसे पायरी-पायरीने कमी होतात. त्यांनी काढलेली रेघ मात्र घाटातल्या रस्त्यासारखी वर-खाली जात होती. या काळात इस्ट्रोजेन एकदा खूप चढतं, एकदा एकदम पडतं, त्यामुळे वाफा येतात, झोप मोडते, चिडचिड होते, शब्द आठवत नाहीत. ज्या महिन्यात अंडाशयातून बीज सुटत नाही त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, पिशवीचं अस्तर जाड होत राहतं आणि मग एकदम अंगावरून जातं. म्हणजे माझी धडधड, माझा विसराळूपणा आणि माझी अनियमित पाळी हे तीन आजार नव्हते. ते एकाच मुळाचे फाटे होते. ‘पेरिमेनोपॉज’ हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. सलग बारा महिने पाळी आली नाही की त्याला रजोनिवृत्ती (मेनोपॉज) म्हणतात. त्याआधीची ही वर्षं मात्र कुणाच्याच खात्यात जमा नाहीत.

आपल्या देशात पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते. युरोप-अमेरिकेत ते वय ५१ आहे. त्यामुळे आपल्या बायकांना त्रास चाळिशीच्या सुरुवातीलाच सुरू होतो, आणि त्या वयात कुणाच्याही मनात, त्या बाईच्याही मनात, पाळी जाण्याचा विचार येत नाही. निदानासाठी महागड्या तपासण्याही लागत नाहीत. पंचेचाळिशीच्या पुढच्या बाईचं निदान लक्षणं आणि पाळीतला बदल ऐकून करावं, हार्मोनची पातळी मोजत बसू नये, असं ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१५ मध्येच सांगितलं आहे. ती पातळी दिवसागणिक बदलते, मग एका दिवसाच्या आकड्यावरून काय कळणार? लागतो तो पाच-सात मिनिटांचा वेळ आणि विचारण्याची सवय.

मला हार्मोन उपचार सुरू झाले ते घाईने नाहीत. आधी रक्तदाब, वजन, स्तनांची तपासणी आणि मॅमोग्राफी झाली. पिशवीचं अस्तर सोनोग्राफीत पाहिलं. घरात कुणाला स्तनाचा कर्करोग होता का, मला कधी रक्ताची गुठळी झाली होती का, यकृताचा काही त्रास होता का, हे विचारून लिहून घेतलं. मग रोज सकाळी दंडाला लावायचं इस्ट्रोजेनचं जेल आणि महिन्यातले बारा दिवस रात्री प्रोजेस्टेरॉनची गोळी असं ठरलं. गर्भाशय असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर अस्तर वाढून कर्करोगाचा धोका निर्माण होतो, म्हणून ती दुसरी गोळी कधीही चुकवायची नाही, हे त्यांनी मला माझ्या तोंडून पुन्हा वदवून घेतलं. हे उपचार म्हणजे गर्भनिरोधक नव्हे, पाळी पूर्ण जाईपर्यंत दिवस राहू शकतात, हेही सांगितलं. माझ्या मैत्रिणींपैकी एकीलाही हे ठाऊक नव्हतं.

जेल नेहमीच्या औषधाच्या दुकानात नव्हतं. पुण्याहून मागवावं लागलं आणि चौथ्या दिवशी मिळालं. तिसऱ्या आठवड्यात मी एकदा सलग सहा तास झोपले. सकाळी उठून बराच वेळ गादीवर बसून राहिले, कारण झोप पुरी झालेलं अंग कसं असतं याचा मला विसर पडला होता. तीन महिन्यांनी तपासणी झाली. वाफा जवळजवळ थांबल्या होत्या, धडधड गेली होती, हजेरीपट न बघता नावं येत होती. पहिले दोन महिने मध्येच थोडं रक्त दिसायचं, ते नंतर थांबलं. गुडघे अजूनही दुखतात. मी काही पुन्हा पंचविशीची झाले नाही, आणि मला व्हायचंही नव्हतं. मला माझा वर्ग परत हवा होता आणि तो मिळाला.

त्या दिवसांत मला माझी आई सारखी आठवायची. मी नववी-दहावीत असताना ती ऐन थंडीत, पौषातसुद्धा, ओसरीवर नुसत्या फरशीवर जाऊन निजायची. वडील ओरडायचे, आजी नावं ठेवायची. सकाळी तिचे डोळे सुजलेले असायचे आणि ती चुलीपुढे बसून अचानक पदराने वारा घ्यायची. आम्ही मुलं तिला तापट म्हणायचो. हिशेब केला तर ती तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय.” तीस वर्षं तिने ही समजूत मनात ठेवली होती.

आता भीतीबद्दल लिहिते, कारण हार्मोन म्हटलं की समोरून कर्करोग हाच शब्द येतो. मलाही आला. शाळेतल्या सहकारी बाईंनी सांगितलं, नातेवाइकांनी सांगितलं, एका डॉक्टरांनीही सांगितलं. ही भीती जिथून आली तो अमेरिकेतला मोठा अभ्यास होता, विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह. गर्भाशय असलेल्या १६,६०८ बायकांवरचा त्याचा भाग जुलै २००२ मध्ये मध्येच थांबवला गेला आणि जगभर एका रात्रीत बायकांनी गोळ्या फेकून दिल्या. त्यातला आकडा असा होता : वर्षभरात दहा हजार बायकांमागे स्तनाचा कर्करोग गोळी न घेणाऱ्या ३० जणींना झाला आणि घेणाऱ्या ३८ जणींना. म्हणजे दहा हजारांत आठ जास्त. पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्याही वाढल्या, खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण कमी झालं. हे सगळं खरं आहे आणि बाईला ते सांगितलंच पाहिजे. पण त्याबरोबर हेही सांगायला हवं की त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, त्यांतल्या बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षं लोटली होती आणि त्यांना दिलेले हार्मोन आज सहसा वापरतात त्यांहून वेगळे होते. ज्यांना गर्भाशय नव्हतं आणि ज्यांना फक्त इस्ट्रोजेन दिलं होतं, त्यांच्यात स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला नाही.

त्याच अभ्यासाची आकडेवारी वयानुसार पुन्हा तपासल्यावर चित्र बदललं. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केले, बाईला त्रास असला आणि तिने हार्मोन घेऊ नयेत असं काही कारण नसलं, तर बहुतेकींच्या बाबतीत फायद्याचं पारडं जड राहतं, असं आज जगातल्या प्रमुख मेनोपॉज संस्था सांगतात. त्वचेवर लावायच्या जेल किंवा पॅचने, नेहमीच्या मात्रेत, गुठळीचा धोका वाढलेला दिसत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये या औषधांवरचे हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंशाबद्दलचे ठळक चौकटीतले इशारे काढण्याचा निर्णय जाहीर केला. गर्भाशय असताना एकटं इस्ट्रोजेन घेण्याबद्दलचा इशारा मात्र त्यांनी ठेवला, आणि तो राहायलाच हवा.

सगळ्या बायकांना हार्मोन द्या, असं माझं मुळीच म्हणणं नाही. जिला स्तनाचा कर्करोग झालेला आहे, गुठळी किंवा पक्षाघात होऊन गेला आहे, हृदयविकार आहे, यकृताचा आजार आहे, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होतो आहे, तिच्यासाठी ते नाहीत. काहींना इतर औषधांनी बरं वाटतं. पुष्कळजणींचा त्रास इतका कमी असतो की काहीच लागत नाही. पण बाईला सगळं समजावून सांगावं आणि मग तिने ठरवावं. आज तिच्यापर्यंत दोनच उत्तरं पोहोचतात : एक, ‘वयाचं आहे, सहन करा’, आणि दुसरं, ‘पिशवी काढा’. या दोन्हींच्या मध्ये जी वाट आहे ती तिला दाखवलीच जात नाही.

त्या दुसऱ्या उत्तराची किंमत मी माझ्या शाळेत पाहिली आहे.

माझ्या शाळेतली बरीच मुलं ऊसतोड कामगारांची आहेत. दिवाळी झाली की टोळ्या निघतात, वर्ग निम्मे रिकामे होतात, मार्च-एप्रिलमध्ये भरतात. दोन वर्षांपूर्वी हंगामावरून परत आलेली एक आई मुलाचा दाखला घ्यायला आली होती. गावाचं नाव लिहीत नाही. वय तेहतीस. व्हरांड्यात उभ्या-उभ्या तिने पदर सैल केला आणि म्हणाली, “बाई, माझं अंग लई पेटतं. रातभर डोळ्याला डोळा नाही.” मला त्या वाफा चांगल्या ओळखीच्या होत्या, पण तेहतिशीत त्या कशा? मग तिने सांगितलं की पाच वर्षांपूर्वी तिची पिशवी काढली. अंगावरून जात होतं, कामाला खाडा पडत होता आणि खाड्याचे पैसे कापले जात होते. मुकादमाकडून उचल घेऊन ऑपरेशन केलं आणि ती उचल पुढचे दोन हंगाम फेडली. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं डिस्चार्ज कार्ड तिने मला आणून दाखवलं. सगळं इंग्रजीत होतं. त्यात एक ओळ होती : टीएएच विथ बीएसओ.

टीएएच म्हणजे गर्भाशय काढलं; त्यापुढच्या तीन अक्षरांचा, बीएसओचा, अर्थ असा की त्याबरोबर दोन्ही अंडाशयं आणि बीजवाहिन्याही काढल्या. अठ्ठाविसाव्या वर्षी. म्हणजे तिची रजोनिवृत्ती ऑपरेशनच्या टेबलावर, एका दिवसात झाली. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मला तर नुसती पिशवी काढली म्हनले.” पाच वर्षं ते कार्ड तिच्या पत्र्याच्या पेटीत होतं आणि त्यावर काय लिहिलं आहे हे तिला कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

आपल्यातले बहुतेक डॉक्टर आहेत, त्यांना हे माझ्याहून जास्त माहीत आहे. इतक्या लवकर अंडाशयं गेली की हाडं ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणूनच अशा बाईला, तिने ते घेऊ नयेत असं कारण नसेल तर, पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यावेत असं वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तिला गर्भाशय नाही, म्हणून तिला फक्त इस्ट्रोजेन पुरतं. जिला या उपचाराची सर्वांत जास्त गरज आहे, तिचा उपचार सर्वांत साधा आहे. मी तिला घेऊन एका सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी नीट तपासलं, औषध लिहून दिलं आणि ते बाहेरून घ्यायला सांगितलं. महिन्याची गोळी जवळजवळ दोन दिवसांच्या शेतमजुरीइतकी. तिने दोन महिने घेतली, मग सोडली.

ती एकटी नाही, हे सरकारच्या कागदावर आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१९ मध्ये ऊसतोड बायकांची माहिती घेतली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, म्हणजे दर सहा जणींत एक. टोळ्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधूनही जातात. रान तेच, मुकादम तेच, पालातलं जगणं तेच. केंद्र सरकारने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी सगळ्या राज्यांना ती तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. त्यांत जिल्हा पातळीवर देखरेख समिती असावी असं म्हटलं आहे. आपल्या जिल्ह्यात या समितीची बैठक कधी होते, तिने किती कागद तपासले, चाळिशीच्या आतल्या किती बायकांचे गर्भाशय कोणत्या कारणाने काढले, हे दर सहा महिन्यांनी जाहीर करा, अशी माझी पहिली मागणी आहे.

चाळिशीत अंगावरून जास्त जाणं हे पुष्कळदा याच बदलत्या काळाचं लक्षण असतं. ते तपासलंच पाहिजे, कारण क्वचित त्यामागे कर्करोग असू शकतो. पण तपासणीत गंभीर काही निघालं नाही, तर रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या आहेत, पिशवीत बसवायची हार्मोनची तांबी आहे जी काही वर्षं काम देते, आणि गेलेलं रक्त भरून काढायला लोहाच्या गोळ्या आहेत. शस्त्रक्रिया शेवटची. ती करावीच लागली तर अंडाशयं का काढली किंवा का ठेवली, हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत, चार ओळींत लिहा आणि घरी पाठवण्याआधी बाईला वाचून दाखवा. याला निधी लागत नाही.

दुसरी मागणी एका प्रश्नाची आहे. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात आशाताई त्यांचे फॉर्म घेऊन बसतात. तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाचा ‘सीबॅक’ फॉर्म त्या भरतात. तो मी त्यांच्या शेजारी बसून वाचला. तंबाखू, दारू, कमरेचा घेर, रक्तदाब, खोकला. बायकांसाठी वेगळे प्रश्न आहेत : स्तनात गाठ आहे का, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जातं का, पाळी गेल्यानंतर रक्त गेलं का. सगळे आवश्यक आहेत आणि सगळे कर्करोगासाठी आहेत. पाळी अनियमित झाली का, वाफा येतात का, झोप मोडते का, असं त्यात कुठेही नाही. पाळी येण्याच्या वयाच्या मुलीसाठी आपल्याकडे योजना आहे, गरोदर बाईसाठी आहे, बाळंतिणीसाठी आहे. मूल होऊन गेलेली, पण म्हातारी न झालेली बाई मात्र यांपैकी कुठल्याच योजनेत बसत नाही. २०२२ च्या नवरात्रात ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ अभियान झालं, २०२५ मध्ये ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ झालं. अशा शिबिरांना गर्दी असते. त्या गर्दीत चाळिशीच्या बायका सर्वांत जास्त असतात. त्यांना हे तीन प्रश्न विचारा.

हे आपल्या जिल्ह्याला जमणार नाही असं कुणी म्हणू नये. जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. त्यांच्या ग्राम आरोग्य सेविका म्हणजे गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर, बायका होत्या. त्या सेविकांनी बाळंतपणं केली, कुष्ठरोग ओळखला, मुलांची वजनं घेतली. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून लोक शिकायला जामखेडला आले. गावातल्या बाईला शिकवलं तर ती गावाचं आरोग्य सांभाळते, हे ज्या मातीत सिद्ध झालं त्याच मातीतल्या आशाताईला आपण एका दिवसाचं प्रशिक्षण देऊ शकतो. ती बाकीचं करील, कारण आमच्या घरात कोण रात्री जागी असते हे तिला आधीच माहीत असतं.

तिसरी मागणी अंतराची. हा जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटरचा, राज्यात सर्वांत मोठा. चौदा तालुके. अकोले तालुक्याच्या ठिकाणाहून नगर शंभर किलोमीटरपेक्षा जास्त आहे. जिल्हा रुग्णालयात मेनोपॉज क्लिनिक नियमित चालायलाच हवं. पण त्याच तालुक्यातल्या राजूरच्या डोंगरातली बाई एका तपासणीसाठी दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं घालून तिथवर येणार नाही, आणि तीन महिन्यांनी परत तर मुळीच येणार नाही. प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातली एक दुपार या बायकांसाठी ठेवा. शक्यतो बाजारच्या दिवशी, म्हणजे ती घरातून बाहेर पडू शकेल. तिथे रक्तदाब, वजन, स्तनतपासणी, सोनोग्राफी आणि एक स्त्रीरोगतज्ज्ञ असावा. तज्ज्ञ रोज मिळत नसेल तर महिन्यातून दोनदा यावा. मधल्या काळात वैद्यकीय अधिकाऱ्याने औषध चालू ठेवावं.

चौथी मागणी औषधांची. इस्ट्राडिओलच्या गोळ्या आणि जेल, प्रोजेस्टेरॉन, हार्मोनची तांबी, योनीमार्गात वापरायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन, आणि ज्यांना हार्मोन चालत नाहीत त्यांच्यासाठीची पर्यायी औषधं सरकारी रुग्णालयात आणि जनऔषधी केंद्रात मिळू द्या. औषध लिहून देणं आणि ते हातात पडणं यातलं अंतर माझ्या विद्यार्थ्याच्या आईला पार करता आलं नाही.

खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरांना माझी वेगळी विनंती आहे. आपल्या ओपीडीत किती गर्दी असते ते मी बाकावर बसून पाहिलं आहे. तरीही चाळिशीची बाई धडधड, झोप, सांधे किंवा विसराळूपणा घेऊन आली, तर कार्डिओग्राम काढताना तिला एकदा विचारा, “पाळी कशी आहे?” ती अंगावरून जातं म्हणून आली तर विचारा, “झोप कशी आहे?” तिला हार्मोन द्यायचे की नाही हे आपण नंतर ठरवाल. पण तिचं डोकं फिरलेलं नाही, एवढं तिला त्याच दिवशी कळू द्या.

आपला जिल्हा आता अहिल्यादेवींच्या नावाने ओळखला जातो. त्यांचा जन्म १७२५ मध्ये जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. १७६७ मध्ये माळव्याचा कारभार त्यांच्या हाती आला तेव्हा त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या, आणि पुढची अठ्ठावीस वर्षं त्यांनी तो चालवला. घाट, विहिरी, धर्मशाळा ही त्यांची कामं बेचाळिशीनंतरची आहेत. आज त्याच बेचाळिशीच्या बाईला आपण सांगतो की आता वय झालं, सहन करा. तिच्यापुढे अजून पंचवीस-तीस वर्षं आहेत. तिला शेत करायचं आहे, वर्ग घ्यायचा आहे, बचत गट चालवायचा आहे, सरपंचाच्या खुर्चीत बसायचं आहे. त्यासाठी तिला रात्रीची झोप हवी.

माझ्या विद्यार्थ्याची आई या दिवाळीनंतर पुन्हा टोळीबरोबर जाईल. तिचं कार्ड मी मराठीत लिहून दिलं आहे आणि कोणत्याही डॉक्टरकडे गेली तर आधी ते दाखवायला सांगितलं आहे. ती जाण्याआधी तिच्या हातात सहा महिन्यांच्या गोळ्या असाव्यात. त्या कुठून द्यायच्या हे आपण ठरवायचं आहे, आणि ठरवायला वेळ दिवाळीपर्यंतचा आहे.

आपली नम्र,
जिल्हा परिषद शाळेतील एक शिक्षिका
अहिल्यानगर